बीडची छागल : नाव गावाचे, हात कोणाचे?

पैठणची पैठणी, सोलापूरची चादर, कोल्हापूरची चप्पल ही नावे महाराष्ट्रात लहानथोरांच्या तोंडी आहेत. त्याच पंक्तीत बसण्याचा अधिकार असलेले एक नाव मात्र आज विस्मृतीत गेले आहे. ते म्हणजे बीडची छागल. निजामी अमदानीत बिंदुसरेच्या काठचे हे शहर दोन जिनसांसाठी दूरवर ओळखले जाई : काठीत पाते दडविलेली गुप्ती आणि कातड्याची छागल. यांपैकी छागलीचा इतिहास हा आपल्या समाजाच्या हातांचा इतिहास असल्यामुळे त्याचे स्मरण या अंकात करणे उचित होईल.

छाग म्हणजे बोकड. त्यावरून छागल हा शब्द आला. प्रवासात पाणी नेण्याची ही कातडी पिशवी. कमावलेल्या कातड्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी किंचित पाझरते, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि आतले पाणी थंड राहते. बैलगाडीला वा खोगिराला लटकविलेली छागल वैशाखाच्या उन्हातही गारवा देई. परंतु हे सोपे दिसणारे काम फार कसबाचे होते. पाझर अधिक झाला तर पाणी संपे, अगदीच थांबला तर गारवा नाहीसा होई. चुन्यात भिजवून केस काढावेत, बाभळीच्या वा तरवडाच्या सालीच्या पाण्यात कातडे मुरवावे, नंतर टाका असा घालावा की शिवणीतून थेंब गळू नये. या प्रत्येक पायरीवर पिढ्यांचा अनुभव खर्ची पडे.

आजच्या व्यापारी भाषेत ज्याला मालाची ‘छाप’ आणि ग्राहकाचा विश्वास म्हणतात, तो गावगाड्यात निराळ्या रीतीने मिळत असे. मोट, नाडा, पायताण करून देणारा बलुतेदार आणि ते वापरणारा शेतकरी एकमेकांना नावानिशी ओळखत. मोट फाटली तर कोणाच्या दारी जावयाचे, हे विचारावे लागत नसे. तेथे शिक्क्याची गरज नव्हती. कारागिराचा चेहरा हीच मालाची छाप होती. अर्थात या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. कामाचे मोल खळ्यावरच्या धान्यात मिळे, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. आणि ज्याची मोट शेत भिजवी, त्याला पाणवठा मात्र बंद असे.

माल गावाबाहेर विकला जाऊ लागला, तेव्हा कारागिराचा चेहराही मागे पडला. गिऱ्हाईक ‘बीडची छागल’ मागे. ती अमक्याच्या हातची द्या, असे कोण म्हणणार? कीर्ती गावाची झाली, नफा मधल्या हातांचा झाला, आणि करणारा निनावी राहिला. याच काळात युरोपात काय घडले ते पाहावे. झ्लिन गावच्या एका पिढीजात चांभार घराण्यातील तोमाश बाटा याने १८९४ साली भावंडांसह जोड्यांचा कारखाना काढला आणि प्रत्येक जोड्यावर आपल्या घराण्याचे नाव घातले. १९३० नंतरच्या दशकात त्याच नावाने कलकत्त्याजवळ बाटानगर वसले. धंदा तोच, पण ज्या नावाची इकडे लाज वाटावी अशी व्यवस्था होती, तेच नाव तिकडे अभिमानाने दुकानावर झळकले. भांडवलाचा फरक होता हे खरेच. तथापि मानाचा फरक त्याहून मोठा होता.

पुढे कॅनव्हासच्या पिशव्या आल्या, मग थर्मास, शेवटी प्लॅस्टिकची बाटली. विजेच्या पंपाने मोट बंद पाडली. बीड शहराला रेल्वेगाडी मिळाली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तोवर छागल बाजारातून केव्हाच उठली होती.

गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण देणारा भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ साली झाला आणि २००३ मध्ये अमलात आला. त्याखाली २०१६ साली बीडच्या सीताफळाला मानांकन मिळाले, याचा आनंद आहे. छागलीला मात्र हा कायदा फार उशिरा आला. कोल्हापुरी चप्पल जिवंत होती म्हणून तिला ते मिळाले. तिचे नोंदणीकृत मालकत्व महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकाचे बाबू जगजीवनराम महामंडळ यांच्याकडे संयुक्तपणे आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा कंपनीने त्याच घाटाच्या चपला कोल्हापूरचे नाव न घेता मांडल्या, तेव्हा सर्वत्र ओरड झाली आणि कंपनीला मूळ भारतीय कारागिरीचे ऋण मान्य करावे लागले. नावाची नोंद होती म्हणून त्या ओरडीला आधार होता.

तथापि गावाच्या नावाची नोंद झाली म्हणजे कारागिराचे काम संपत नाही. कायद्यात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून प्रत्येक उत्पादकाला स्वतंत्र नोंद करता येते. ती न केल्यास इतिहासाची पुनरावृत्ती होईल : नाव गावाचे आणि हात निनावी. चर्मोद्योगात असलेल्या आपल्या बांधवांनी ही नोंद अवश्य करावी, आणि आपल्या मालावर आपले नाव निःसंकोचपणे घालावे.

आणि ज्यांच्या घरी माळ्यावर एखादी जुनी छागल पडून असेल, त्यांनी ती खाली काढावी. ती कोणी शिवली, हे घरातील वृद्धांस विचारावे आणि ते नाव एका चिठ्ठीवर लिहून तिला बांधून ठेवावे. शंभर वर्षे उशिरा का होईना, त्या छागलीला तिच्या कारागिराचे नाव लागेल.