स्थितिसंवेदक, मोटारगाडीच्या एंजिनातील

अंतर्ज्वलन-एंजिनाचे भुजादंड व कॅमदंड एखाद्या क्षणी कोणत्या कोनात आहेत हे ओळखून तसे विद्युत् संकेत नियंत्रक-संगणकाकडे पाठविणाऱ्या प्रयुक्तीस स्थितिसंवेदक म्हणतात. कार्यशाळांत ‘क्रँक सेन्सर’ व ‘कॅम सेन्सर’ ही नावे रूढ आहेत. चार धावांच्या एंजिनात भुजादंडाचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमदंडाचा एक होतो. म्हणून दट्ट्या सिलिंडरात कोठवर आला हे पहिला संवेदक सांगतो, तर ती धाव संपीडनाची की निष्कासाची, हे दुसऱ्याकडून कळते. पहिला बंद पडला की बहुतेक गाड्यांत ठिणगी व इंधन दोन्ही थांबतात आणि गाडी उभी राहते. दुसरा बिघडल्यास एंजिन पुष्कळदा चालू राहते, पण सुरू होण्यास वेळ घेते.

ठिणगी केव्हा पडावी हे ठरविण्याचे काम पूर्वी यांत्रिक होते. चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली घटमालेवर चालणारी प्रज्वलन-योजना १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत आली व पुढे साठ-पासष्ट वर्षे तीच जगभर टिकली. तीत वितरकातील कॅम फिरताना संपर्कबिंदूंची जोडी उघडते आणि त्याच क्षणी ठिणगी पडते. हे ‘पॉइंट’ जळत, झिजत. मिस्त्री झाकण काढून ते डोळ्यांनी पाही, कानशीने घासे आणि पातळ पट्टीने फट मोजे. दोष दिसत असे, हे त्या काळाचे मोठे सुख होते. झीज मात्र अटळ होती, आणि झिजेबरोबर ठिणगीची वेळ सरकत जाई. १९६० नंतर निष्कास-वायूंवर कायद्याने मर्यादा येऊ लागल्या, तेव्हा ही चूक परवडेनाशी झाली.

न झिजणाऱ्या संवेदकाची तत्त्वे जुनीच होती. मायकेल फॅराडे यांनी १८३१ मध्ये विद्युत् चुंबकीय प्रवर्तन दाखविले होते, तर एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये बाल्टिमोर येथे स्वतःच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम शोधला होता. त्यांचा लाभ घेण्यास स्वस्त व लहान संगणक हवा होता. तो सूक्ष्मप्रक्रियकामुळे मिळाला. १९७७ च्या ओल्ड्समोबिल टोरोनाडो गाडीत ठिणगीची वेळ सूक्ष्मप्रक्रियक ठरवू लागला. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२ आय या गाडीत बॉश कंपनीची मोट्रॉनिक प्रणाली आली व तीत प्रज्वलन आणि इंधन-अंतःक्षेपण यांचे नियंत्रण एकत्र झाले. आरंभी प्रचक्राजवळ दोन संवेदक असत. एक दाते मोजी, दुसरा संदर्भखूण ओळखी. पुढे ६० दात्यांच्या जागांपैकी दोन रिकाम्या ठेवण्याची युक्ती रूढ झाली आणि एकाच संवेदकात दोन्ही कामे होऊ लागली. दर दात्याला ६ अंश, आणि रिकामी जागा आली की नवा फेरा, असा हा साधा हिशेब आहे.

महाराष्ट्रात अशा एंजिनांच्या आलिशान गाड्यांची जुळणी १९९५ मध्ये पुण्यात मर्सिडीझ-बेंझने सुरू केली. २००१ पासून औरंगाबादजवळच्या शेंद्रा येथे स्कोडाच्या व नंतर आउडीच्याही गाड्या जुळविल्या जाऊ लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांच्या एका गटाने एकदम १५० मर्सिडीझ-बेंझ गाड्या घेतल्या, त्याची देशभर चर्चा झाली. शेजारच्या जालना जिल्ह्यातही पोलाद व बियाणे उद्योगांमुळे अशा गाड्यांना गिऱ्हाईक आहे. त्यांच्या अधिकृत कार्यशाळा मात्र छत्रपती संभाजीनगर, पुणे यांसारख्या शहरांत आहेत. जिल्ह्याच्या दक्षिणेस घनसावंगीकडील रस्त्यावर गाडी थांबली, तर प्रथम तिच्यापाशी पोहोचतो तो स्थानिक मिस्त्रीच. म्हणून त्याला निदान जमणे महत्त्वाचे ठरते.

प्रवर्तनी संवेदकाचे एक लक्षण नेहमी आढळते : गाडी तापल्यावर बंद पडते व अर्ध्या तासाने, जणू काही झालेच नाही अशी, सुरू होते. उष्णतेने वेटोळ्याची तार आतून तुटते व थंड झाल्यावर पुन्हा जुळते. एप्रिल-मेच्या मराठवाड्यात हा अनुभव अधिक येतो. स्टार्टर फिरवताना फेरेमापकाचा काटा जागचा न हालणे, ही सुगावा देणारी खूण होय. वेटोळ्याचा रोध सामान्यतः काहीशे ते हजार-दीड हजार ओहम भरतो. तो गार व तापलेल्या अशा दोन्ही अवस्थांत मोजावा. हॉल संवेदकास तीन तारा असतात. त्याची परीक्षा रोधावरून होत नाही. पुरवठ्याचा विद्युत् दाब पाहून संकेत दोलनदर्शकावर पाहावा लागतो.

दोषसंकेत वाचणारे यंत्र आल्यापासून एक वाईट सवय लागली आहे. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारगाड्यांना समान दोषसंकेत सक्तीचे झाले. भारतात ते २०१० नंतर भारत स्टेज-४ मानकांबरोबर टप्प्याटप्प्याने आले. पी०३३५ हा संकेत भुजादंडाच्या, तर पी०३४० कॅमदंडाच्या संवेदक-मंडलाविषयी आहे. मंडल म्हणजे संवेदक, तारा, जोडणी व नियंत्रक हे सर्व. संकेत दिसताच संवेदक बदलणे हे निदान नव्हे. जोडणीत तेल झिरपलेले असते, उंदराने तार कुरतडलेली असते, घटमाला अशक्त असल्याने फेरे मंद पडून संकेत क्षीण झालेला असतो. पी००१६ आला तर दोन्ही दंडांचे कोन परस्परांशी जुळत नाहीत एवढेच कळते. ताणलेली साखळी तशीच ठेवून कितीही संवेदक बदलले तरी हा संकेत परत येतो.

बदलण्याचे काम त्या मानाने लहान आहे. घटमालेची जोडणी सोडवून एक स्क्रू काढला की संवेदक निघतो. मात्र भुजादंडाचा संवेदक पुष्कळदा एंजिनाच्या मागील अंगास, हात जेमतेम पोहोचेल अशा जागी असतो. जुन्याच्या टोकावरील लोखंडी कीस पाहावा, कारण तो दात्यांची झीज सांगतो. नव्याच्या रबरी कड्यास थोडे तेल लावतात आणि टोक व दाते यांतील सुमारे १ मिमी. अंतर राखतात. काही गाड्यांत दात्यांतील बारीक विषमता नियंत्रकास नव्याने शिकवावी लागते व त्यासाठी उत्पादकाचे विशेष यंत्र लागते.

अडचण नेमकी येथेच येते. सुटे भाग, माहितीपुस्तके व निदान-यंत्रे स्वतंत्र कार्यशाळांना मिळू न देणे स्पर्धेस बाधक आहे, असा निर्णय भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिला व १४ मोटार-कंपन्यांना एकूण सु. २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. त्यावर पुढे न्यायालयीन वाद झाले. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. मोटारगाड्यांचा त्याच्या क्षेत्रांत समावेश आहे.