कातारी, लाख आणि लाटणें



लाटणें, ताकाची रवी, कुंकवाचा करंडा आणि भातुकलींतलीं बोळकीं हीं सर्व एकाच यंत्राचीं लेकरें होत. लाकूड फिरतें ठेवून धारेनें गोल घडविण्यास मराठींत कातणें म्हणतात, व तें काम करणाऱ्यास कातारी. वाड्याच्या कातीव खांबांचें कौतुक आपण पुष्कळ करतों. लाटणेंहि तितकेंच कातीव असून तें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

या यंत्राच्या अगदीं जुन्या चित्रांपैकीं एक ईजिप्तमध्यें पेटोसिरिस नांवाच्या पुरोहिताच्या थडग्यांत आहे. त्याचा काळ इसवी सनापूर्वीं ३०० च्या सुमाराचा. त्यांत एक मनुष्य पट्टा ओढून लाकूड फिरवीत आहे आणि दुसरा हत्यार धरून आहे. आपल्याकडील जुना कातारी हीं दोन्ही कामें एकटा उरकी. जमिनीवर बसून एका हातानें कमान ओढावयाची, दुसऱ्या हातानें पटाशी धरावयाची आणि तिचें टोंक पायाच्या बोटांनीं सांवरावयाचें. कमानीच्या दोरीचा वेढा घेतलेलें लाकूड एकदां पुढें व एकदां मागें फिरतें. धार लागते ती एकाच फेरींत. उलट फेरी फुकट जाते. पुढें विजेची मोटर आली, तेव्हां फिरणें एका दिशेचें झालें आणि पाय मोकळा झाला.

घडण झाली कीं रंग. लाखेच्या कामास कुंचला लागत नाहीं. कुसुंब, पळस, बोर या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी लाख रंग घालून कांडीसारखी वळून ठेवतात. फिरत्या लाकडावर ती दाबली कीं घर्षणाच्या उष्णतेनें वितळून अंगास बसते; मग केवड्याचें पान धरून थर सारखा करावयाचा व चकाकी आणावयाची. चन्नपट्टणच्या खेळण्यांसंबंधीं टिपू सुलतानानें इराणांतून कारागीर आणविल्याची कथा नेहमीं सांगतात. ती खरी धरली तरी लाख आपल्याकडे परकी नव्हे. लाखेनें रंगविलेल्या वस्त्रास ‘लाक्षिक’ म्हणावें, हें पाणिनीच्या व्याकरणांतच आहे.

पण ही लाख ७५ अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडते. म्हणून कोरडा राहणारा करंडा नखशिखांत रंगे. भातुकलीसहि रंग चाले, कारण तिच्या चुलींत विस्तव नसतो. रवी मात्र कोरी. लाटण्याच्या मुठींस फार तर दोन रंगीत वळीं, मधला भाग उघडा. शिसवी किंवा बाभळीचें तें घट्ट लाकूड फिरत असतांनाच त्याच्याच कातणाच्या मुठीनें घासून गुळगुळीत करावयाचें आणि तेलाचा हात द्यावयाचा. उरलेली झिलई घरांतल्या बायका वर्षानुवर्षें पिठातुपाच्या हातांनीं चढवीत.

जुनें सारें निर्मळ होतें असें मात्र नव्हे. पिवळ्या लाखेंत हरताळ घालीत, आणि हरताळ म्हणजे सोमलाच्या कुळांतलें द्रव्य! मुलें तीं खेळणीं तोंडांत घालीतच. घरगुती रंगांतील शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा घालणारे नियम आपल्या सरकारनें केले ते २०१६ सालीं. आतां बाजारांत टोंकापासून टोंकापर्यंत चकचकीत रंग दिलेलीं लाटणीं पुढें मांडलेलीं दिसतात. पोळी लाटतांना तो रंग झिजून जातो कोठें, हें कोणी विचारीत नाहीं. मी कोरें लाटणें मागतों; दुकानदार तें मागल्या फळीवरून काढून, धूळ पुसून देतो.