हरलेल्यांनी जपलेले नाव

२३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओ दि जानेरोच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानचा ज्युदोपटू मासाहिको किमुरा आणि ब्राझीलचा एलिओ ग्रेसी समोरासमोर आले. आपल्या कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. तिथे मात्र हार कबूल होईपर्यंत लढत संपणार नव्हती.

दुसऱ्या फेरीत किमुराने एलिओला पाडले, अंगाखाली दाबले आणि मगच त्याचा हात धरला. डावाचे मर्म या क्रमातच आहे. एका हाताने प्रतिस्पर्ध्याचे मनगट पकडायचे, दुसरा हात त्याच्या दंडामागून घालून आपलेच मनगट धरायचे आणि त्याचा दुमडलेला हात पाठीकडे वळवायचा. पण धड मोकळे राहिले, तर तो हाताच्या दिशेने फिरतो आणि खांद्यावरचा ताण सुटतो. म्हणून छातीचा भार आधी, पीळ नंतर.

एलिओने शेवटपर्यंत हार मानली नाही. थोरल्या भावाने, कार्लोसने, टॉवेल टाकून लढत थांबवली. ज्युदोत हा डाव 'उदे-गारामी'चा उलटा प्रकार. ब्राझिलियन जिउ-जित्सूने मात्र त्याला 'किमुरा' म्हटले. हरलेल्यांनीच विजेत्याचे नाव रोजच्या सरावात जिवंत ठेवले.