पुढे जा, पण आधीच जाऊन बसू नका

२२ नोव्हेंबर २०२२, मंगळवारची दुपार. कतारच्या वर्ल्डकपमध्ये अर्जेंटिना विरुद्ध सौदी अरेबिया मॅच चालू होती. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन 'काम' करत होतो. शेजारी बाबा. बाबा पक्के क्रिकेटवाले. हाफटाइमला म्हणाले, "अरे, यांनी चार वेळा बॉल जाळ्यात मारला, मग स्कोअर १-० कसा?"

"बाबा, बाकीचे तीन ऑफसाइड."

मग टीपॉयवर बिस्किटं मांडून नियम सांगितला. पास निघाला त्या क्षणी तुम्ही समोरच्यांच्या अर्ध्या भागात असाल, बॉलच्या पुढे असाल आणि त्यांच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्याही पुढे असाल, तर तुम्ही ऑफसाइड. नुसतं तिथे असणं गुन्हा नाही, पण खेळात भाग घेतलात की शिट्टी. शेवटचा गडी बहुतेक वेळा गोलकीपरच असतो.

"ते कळलं. पण असा नियम का?"

इथे माझी बोलती बंद. जुना कोड वर्षानुवर्षं वापरायचा आणि तो कुणी, का लिहिला ते माहीत नाही, तसलाच प्रकार. म्हणून शनिवारी वाचायला बसलो.

तर मंडळी, पहिलं व्हर्जन १८६३ चं. लंडनच्या फुटबॉल असोसिएशनने नियम लिहिले तेव्हा बॉलच्या पुढे असलेला प्रत्येक साथीदार खेळातून बाद. म्हणजे पुढे पास देणं जवळपास अशक्य! १८६६ मध्ये सूट मिळाली: तुमच्यापुढे समोरचे तीन गडी असतील तर चालेल. १९०७ पासून स्वतःच्या अर्ध्या भागात ऑफसाइड नाही.

पण 'तीन' या आकड्यात मोठी पळवाट होती. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन त्यात वस्ताद. दोन बचावपटूंपैकी एकाने झटकन पुढे सरकायचं, की आक्रमक आपोआप ऑफसाइड. अंदाज चुकलाच तर मागे दुसरा बचावपटू आहेच. सारखी शिट्टी, खेळाचा विचका.

१९२५ मध्ये फक्त एक आकडा बदलला: तीनाचे दोन. इंग्लिश लीगमध्ये आदल्या मोसमात ४,७०० गोल झाले होते; पुढच्या मोसमात तेवढ्याच मॅचेसमध्ये ६,३७३! आता सापळा चुकला तर मागे एकटा गोलकीपर. ऑक्टोबर १९२५ मध्ये आर्सेनल न्यूकॅसलकडून ०-७ असं हरलं आणि मॅनेजर हर्बर्ट चॅपमनने मधला गडी मागे खेचून तिसरा बचावपटू केला. एक आकडा बदलला आणि अख्ख्या टीमची मांडणी बदलली.

१९९० मध्ये आणखी एक पॅच: बचावपटूच्या बरोबरीत असाल तर ऑफसाइड नाही. फायदा आक्रमकाला द्यायचा, हा हेतू.

रविवारी हे सगळं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे पुढे जायला मनाई नाही, आधीच जाऊन बसायला मनाई." दीडशे वर्षांचा इतिहास एका वाक्यात! मी बिस्किटं उगाच वाया घालवली.

मग म्हणाले, "पण त्या लाउटारोचा खांदाच तेवढा पुढे होता ना? तो कुठे जाऊन बसला होता?"

हा प्रश्न मात्र अजून डोक्यातून जात नाहीये. कतारमध्ये छताखाली १२ कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते. माणसाच्या डोळ्याला 'बरोबरीत' दिसणारे दोघे मशीनला जवळजवळ कधीच बरोबरीत दिसत नाहीत. म्हणजे १९९० ची सूट कागदावर राहिली, मैदानावर आटली. स्पेसिफिकेशन तंतोतंत पाळलं, पण ते ज्यासाठी लिहिलं होतं ते निसटलं. आमच्या धंद्यात हे रोजचंच.

अर्थात सौदीवाल्यांचं श्रेय कमी होत नाही. मॅक्रॅकनचाच सापळा, शंभर वर्षांनी, पूर्ण फळीने लावलेला. दुसऱ्या हाफमध्ये दोन गोल मारून ते २-१ असे जिंकले. पुढे वर्ल्डकप अर्जेंटिनानेच नेला, ती गोष्ट वेगळी.

असो. बाबा आता फुटबॉल बघतात. फ्लॅग वर गेला की माझ्याआधी ओरडतात, "बसला होता जाऊन!"