उलट्या प्रवाहाने

हरिपूरच्या घाटावर तुम्ही बुलेट उभी करता तेव्हा अजून उजाडायचं आहे. अंधारात दोन पाण्यांचा आवाज येतो. एक कृष्णा, दुसरी वारणा. कृष्णेत कराडला कोयना मिसळलेली असते, त्याआधी माहुलीला वेण्णा. म्हणजे ज्या तळ्यांच्या ओढीनं तुम्ही एकटे निघाला आहात, त्यांतून खाली सुटणारं पाणी शेवटी या पायऱ्यांपाशीच येतं. कधी ते पायऱ्या सोडून गावात शिरतं. 2005 च्या पुरानं इथल्या हळदीच्या पेवांची दैना केली, आणि ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे.

आज तुम्हाला या पाण्याच्या उलट जायचं आहे. जसजसं नदीच्या वरच्या अंगाला जाल तसतसं साल मागे सरकेल. म्हणून तर गाडी जुनी घेतली, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. मद्रासला बुलेट जुळवायला 1955 मध्ये सुरुवात झाली. आज जिथं पोचाल तिथं तिच्याकडे कुणी नवलानं बघणार नाही.

अॅमीटरचा काटा मधे आणता, डीकॉम्प्रेसर दाबता, किक मारता. दुसऱ्या किकला ती बोलते.

आष्टा मागे पडतं. उसानं भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यामागे गळून पडलेली कांडी. पेठ नाक्यावर महामार्ग ओलांडून शिराळ्याची वाट धरता. कोकरूडनंतर वारणा रस्त्याला लागून येते. चरण, आरळा. डोंगर जवळ येतात, हवा गार होते, आणि चाकाखालचं डांबर कुठं संपलं ते तुम्हाला कळतही नाही. खडी वाजू लागते. समोरून एक ट्रक येतो, म्हणून गाडी कडेला घेता.

साल 1985.

ट्रकमध्ये एक अख्खं घर आहे. चौकटीसकट उपसलेली दारं, वासे, कणगी, पाय बांधलेल्या कोंबड्या, मातीसकट उचललेली तुळस. केबिनमध्ये मांडीवर देवांची टोपली घेऊन म्हातारी बसली आहे.

"कुठं निघालासा, पावनं?"

"धरण बघायला, आजी."

"बघून या. आमचं बघून झालं."

ट्रक खाली, सपाटीकडे निघून जातो. वारणेवरच्या या मातीच्या धरणात 34 टीएमसी पाणी मावतं. त्या पाण्याला पुढे वसंतसागर म्हणतील. याच वर्षी चांदोलीचं जंगल अभयारण्य म्हणून जाहीर होतं, कोयनेचंही. 2004 मध्ये चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान होईल आणि 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वाघाला जागा मिळावी, असं मलाही मनापासून वाटतं. पण त्या जागेचा हिशोब मांडताना ती टोपली त्यात धरावीच लागेल.

शेडगेवाडी, उंडाळे करत कराडला येता तोवर साल आणखी घसरलेलं असतं. प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात. नद्यांची अशी गळाभेट मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. वाळवंटात यशवंतराव चव्हाणांची समाधी शोधता. ती नाही. यशवंतराव दिल्लीत आहेत, देशाचे गृहमंत्री आहेत.

1967. डिसेंबरची 10 तारीख, रविवार.

पाटणपासून कोयनेच्या खोऱ्यात थंडी उतरायला लागते. हातमोज्यांतली बोटं बधिर होतात. कोयनानगरच्या अलीकडे एका दगडमातीच्या घरात ओटीवर झोपायला जागा मिळते. भाकरी आणि आमटी. घरधनी तुमच्या गाडीवरून हात फिरवतो आणि सहज सांगतो, "धरणात पाणी भरल्यापासून जमीन मधनंच गुरगुरती. सवय झालीया आता."

पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी तुम्हाला आधी आवाज येतो. खालून. जमिनीखालून मोठी मालगाडी जावी तसा. मग ओटी तुमच्या पाठीखालून निघून जाते. तुम्ही अंगणात कसे पोचता ते तुम्हाला पुढे कधीच आठवणार नाही. बुलेट आडवी पडली आहे, पेट्रोलचा वास येतोय, धुळीत श्वास घेता येत नाही. भिंती आत कोसळल्या आहेत. गुरं हंबरतात, माणसं नावं घेऊन हाका मारतात, काही हाकांना उत्तर येत नाही.

तुम्ही दगड उचलू लागता. पहारीनं, मग हातांनी. नखं जातात. घरधनी सापडतो, जिवंत. शेजारच्या घरातलं कुणी सापडत नाही.

उजाडतं तेव्हा सगळे एकाच दिशेला बघतात. कोयना धरणाची 103 मीटर उंचीची भिंत जागेवर आहे. तिला तडे गेले आहेत, पण ती उभी आहे. ती गेली असती तर कराड, सांगली आणि तुमचा हरिपूरचा घाट यांचं काय झालं असतं, हा विचार त्या थंडीत मनाला शिवू देऊ नका. खोऱ्यात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. इतक्या मोठ्या जलाशयाच्या भाराचा आणि जमिनीत झिरपणाऱ्या पाण्याचा भूकंपाशी काय संबंध, हा प्रश्न त्या पहाटेनंतर जगभरच्या शास्त्रज्ञांनी धरून ठेवला. त्याच्या उत्तरासाठी पुढे याच खोऱ्यात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं जाईल.

तुम्ही गाडी उभी करता. हँडल वाकलं आहे. तशीच दामटत पाटण, उंब्रज, सातारा. दोन्ही बाजूंच्या वडांची कमान डोक्यावरून मागे पळते. पोवई नाका, मग यवतेश्वरचा घाट, आणि कासचा सडा.

मे 1960. महाराष्ट्र राज्य होऊन मोजके दिवस झालेत.

सड्यावर फूल नाही, गवताचं पातं नाही, तापलेला काळा कातळ फक्त. गाडी बंद करून तुम्ही दोन्हीकडे बघता. एका अंगाला वेण्णेचं खोरं: कण्हेरचं तळं नाही. दुसऱ्या अंगाला उरमोडीची दरी: तिथंही पाणी नाही, कोरडी शेतं आहेत. अख्ख्या मुलखात पाण्याचा एकच तुकडा चमकतो तो कासच्या तलावाचा, इंग्रजी अमदानीत बांधलेला, साताऱ्याला उतारानं पाणी पाजणारा. ज्याला आपण तळ्यांचा प्रदेश म्हणून फोटो काढत फिरतो, तो अजून जन्मलेलाच नाही.

पुढे गाडीची वाट उरत नाही. बुलेट जांभळीखाली लावता आणि पायी उतरता. जिथं कोयना धरणाचा जलाशय, शिवसागर, असायला हवा तिथं एक नदी आहे, मे महिन्यातली, डोहाडोहांनी जोडलेली. काठाला भातखाचरं, घरं, देऊळ, आंबे. पोरं डोहात उड्या मारतायत. बांधावर एक म्हातारा बसला आहे. तो गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी तुमच्या पुढ्यात ठेवतो. त्याच्यामागे खाचराचा एक कोपरा भाजून काळा पडला आहे.

"राब भाजलाय, बाबा?"

"भाजला. हाताला सवय हाय." तो त्या काळ्या मातीकडे बघतो. "पुढच्या साली कुठं भाजायचा, ते कुणी सांगंना."

कुणी सोलापूरकडे जाणार आहे, कुणी ठाण्याला, कुणी कुलाब्याला. काही जण याच डोंगराच्या उतारावर वर सरकतील आणि आपल्याच शेतावरचं पाणी जन्मभर बघत राहतील. याच पाण्यावर पोफळीत वीज तयार होईल आणि महाराष्ट्राचे कारखाने, दिवे चालतील. त्या उजेडात मीही शिकलो. आणि 2018 मध्ये, जवळपास साठ वर्षांनी, याच माणसांची नातवंडं जमिनीसाठी कोयनानगरला ठिय्या देऊन बसलेली असतील. हे म्हाताऱ्याला सांगायला तुमची जीभ उचलत नाही. गूळ खाता, पाणी पिता, तांब्या पालथा ठेवता.

सडा चढून परत येता तेव्हा चाकाखाली डांबर असतं आणि खिशातला मोबाइल वाजत असतो. बामणोलीच्या काठावर बुलेट लावून तुम्ही लाँच ठरवता. समोर वासोटा, मधे निळं, संथ, कुठंच न संपणारं पाणी. मधोमध आल्यावर तुम्ही म्हणता, जरा मशीन बंद कराल का?

लाँचवाला बंद करतो. शांतता होते. तो पाण्यात हात घालून एका दिशेला बोट दाखवतो.

"माझ्या आज्ज्याचं शेत हितंच कुठंतरी हाय. वडील सांगायचे, बांधावर बसलं की देऊळ दिसायचं."

तुमच्या तोंडात अजून गुळाची चव असते. लाँच आपोआप हळूहळू वळते, आणि तुम्ही देवळाची दिशा शोधत राहता.