कोळशावरचा उपकर आणि अमानत

माझे बालपण विदर्भाच्या कोळसापट्ट्यात गेले. दोरीवरचे वाळलेले कपडे घरात आणण्याआधी अम्मी दोनदा झटकायची. त्यामुळे २०१० च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर उपकर जाहीर केला, तेव्हा ती मला घरचीच बातमी वाटली.

तत्त्व साधे होते. ज्याच्यामुळे हवा बिघडते, त्याने भरपाई द्यावी. १ जुलै २०१० पासून देशातल्या आणि आयात केलेल्या कोळशावर टनामागे ५० रुपये घेतले जाऊ लागले. हा पैसा 'राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी'त जाऊन स्वच्छ ऊर्जेच्या कामांना लागणार होता. पुढे सरकार बदलले, तरी उपकर राहिला. अरुण जेटलींच्या काळात दर २०१४ साली १००, २०१५ साली २०० आणि २०१६ साली ४०० रुपये झाला. नावही 'स्वच्छ पर्यावरण उपकर' असे झाले.

आता हिशेब पाहू. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६,४४० कोटी रुपये जमा झाले. त्यातले २९,६४५ कोटी निधीत गेले आणि प्रत्यक्ष प्रकल्पांवर १५,९११ कोटी खर्च झाले. म्हणजे शंभर रुपयांतले ३४ निधीपर्यंत पोचले आणि १८ कामाला लागले. उपकराचा पैसा आधी केंद्राच्या एकत्रित निधीत जमा होतो. तिथून तो ठरल्या जागी वळवावा लागतो. गळती झाली ती याच वळणावर.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि हा उपकर संपला. टनामागे ४०० रुपये मात्र चालूच राहिले, आता राज्यांच्या 'भरपाई उपकर' म्हणून. राज्यांची गरज खोटी नव्हती. महाराष्ट्रालाही ही भरपाई मिळाली. पण नावातून पर्यावरण गेले आणि खात्यातूनही गेले. २२ सप्टेंबर २०२५ पासून तोही उपकर उठला आणि कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. कर आता वजनावर नाही, किमतीवर आहे. साहजिकच जास्त राखेच्या स्वस्त कोळशावर टनामागे कमी कर बसतो.

कर कंपनीने भरला असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात कोळशाचा वाढलेला खर्च वीजबिलातून आपल्यापर्यंत येतो. धूळ झटकणाऱ्या घरांनीही हे पैसे भरले आहेत. एका कामासाठी घेतलेला पैसा दुसरीकडे वापरला, तर आपल्या घरांत त्याला अमानतीत खयानत म्हणतात. गरज खरी होती, एवढ्याने ती माफ होत नाही.

हवामानासाठी पुन्हा एखादा कर येईल. त्याला माझा विरोध नसेल. पण दर किती हे मी नंतर विचारीन. पैसा कोणत्या खात्यात जाणार आणि तो तिथे पोचला हे कोण दाखवणार, हे आधी.