घडीचा चाकू आणि घासणारा माणूस

घडीचा चाकू कोणास ठाऊक नाही? आमच्या वडिलांनी त्याने बोरू तासला, आम्ही पेन्सिल तासली, आंबा कापला, सुतळी तोडली. इंग्रज त्याला लेखणीचा चाकू म्हणतात, तेही पिसाची लेखणी तासण्यावरूनच. त्याचे एक मोठे माहेर इंग्लंडातील शेफील्ड. तेथील चाकू करणाऱ्यांच्या संघास १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली. पुढे त्याच शतकात चाकूच्या पाठीत पोलादी कमान बसू लागली आणि उघडलेले पाते जागच्या जागी राहू लागले. १८२२ साली तर जोसेफ रॉजर्सच्या पेढीने १८२२ पात्यांचा एक चाकू केला. असो, हे दुकानातले नवल झाले.

चाकू तिघांच्या हातून जाई. एक पाते घडवी, दुसरा ते दगडावर घासून धार काढी, तिसरा कमान, मूठ व खिळे जुळवी. आम्हांस बोलावयाचे आहे ते मधल्याविषयी. हा भाड्याच्या जागेत लाकडी बैठकीवर घोड्यासारखी मांड ठोकून, फिरत्या दगडावर वाकून बसे. दगड ओढ्याच्या पाण्यावर फिरत होते तोवर उन्हाळ्यात पाणी आटले की सक्तीची सुट्टी मिळे. वाफेचे यंत्र आल्यावर ते बंद खोल्यांत बारमास फिरू लागले. दगडाची व पोलादाची धूळ छातीत बसे. कोरड्या दगडावर घासणारा पस्तिशीच्या पुढे क्वचितच जातो, ओल्या दगडावरचा पंचेचाळिशीच्या, असे शेफील्डच्या डॉक्टर नाइट यांनी लिहून ठेवले आहे. चाकूची पाती बहुधा ओल्या दगडावर घासत. पण जेवणाचे काटे घासणारे त्याच इमारतीत कोरड्यावर बसत, आणि धूळ काही शेजारधर्म पाळीत नाही.

१८२२ च्या सुमारास अब्राहम नावाच्या गृहस्थाने लोखंडाचे कण ओढून घेणारे लोहचुंबकाचे साधन काढले. कामगारांनी ते बाजूस सारले. धूळ गेली तर माणसे जगतील, जगली तर वाढतील, वाढली तर मजुरी उतरेल! हा हिशेब एंगल्सने १८४५ साली नोंदला आहे. तो प्रथम वाचला तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडले, कारण असा हिशेब करणारी माणसे आम्ही गिरणीच्या दारातही पाहिली होती.

याच लोकांनी संघ उभारले. वर्गणी न देणाऱ्याच्या चाकाचा पट्टा रात्री काढून नेत. करवती घासणाऱ्यांचा संघ त्याही पुढे गेला. १८६६ साली एका घरात दारूचा स्फोट झाला. १८६७ च्या चौकशीत संघाचा चिटणीस ब्रॉडहेड याने पूर्वीच्या एका खुनासाठी पैसे दिल्याचे स्वतः कबूल केले. आमच्या चळवळीतले काही वक्ते एवढा भाग गाळतात. आम्ही गाळीत नाही. तो ठाऊक असूनही पार्लमेंटने १८७१ साली कामगार संघांस कायद्याचे संरक्षण दिले, हेही मग सांगता येते.

आणि चौकशीच्याच वर्षी, १८६७ साली, घासण्याच्या खोलीत धूळ ओढणारा पंखा बसविण्यास मालकास भाग पाडण्याचा अधिकार कारखाना-निरीक्षकास मिळाला.